पापणीला माफी नाही

आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ माणसं चेहऱ्यानं ओळखत नसत, पापण्या-भुवयांनी ओळखत. सोसायटीच्या गेटाबाहेर भाजीच्या ठेल्यापाशी मी अगदी समोर उभा असलो, तरी ते माझ्याकडे गवारीच्या ढिगाकडे बघावं तसं बघत. मग एकदम पुढं वाकत, चष्मा कपाळावर सारत, तोंड माझ्या तोंडाजवळ आणत आणि म्हणत, "हां! उजव्या भुवईत टाक्याचा व्रण. हवालदार! नमस्कार, नमस्कार!" भाजीवाला घाबरून मागं सरके. त्याला वाटत असावं, हा म्हातारा आता चावणार.

मला राग येई. मी त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारा माणूस. रोज सकाळी ते माझ्याकडे चहाला येत. चौथीपुढं मी शिकलो नाही, पण फौजेतून हवालदार होऊन बाहेर पडलो, आणि माझ्या मिशा बघून आजही गाझियाबादेत रिक्षावाला आधी ब्रेक मारतो. त्या मिशा या गृहस्थांना दिसत नसत. टाका दिसे.

त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, राहणं दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरात. निवृत्त झाल्यावर गाझियाबादला आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. बायको फार पूर्वी गेलेली. घरात ते आणि त्यांची लेक मुक्ता. लोक निवृत्तीनंतर देवाला लागतात, हे कॅमेऱ्याला लागले. पण फोटो काढण्यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांचा खरा जीव अडकलेला होता तो नंतरच्या कामात, म्हणजे फोटो कॉम्प्युटरमध्ये घालून त्याला धार लावण्यात. 'धार' हा त्यांचाच शब्द. सोसायटीतली पोरं त्यांना 'धारवाले अंकल' म्हणायची. मीही धारवालेच म्हणत असे. साहेब म्हणायचे दिवस मी फौजेत संपवून आलो होतो.

एकदा मी विचारलं, "अहो धारवाले, फोटो काढला की झाला. त्याला धार कसली लावता?"

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "कॅमेरा दोन तऱ्हेनं फोटो देतो, हवालदार. एक जेपेग. ते म्हणजे तुमच्या फौजेच्या लंगरमध्ये शिजवून ताटात वाढलेलं. मीठ-मसाला कॅमेऱ्यानं आपल्या मनानं टाकलेला. दुसरी रॉ फाइल. तो कोरडा शिधा. रंग फिका, उजेड मेलेला आणि धार तर नाहीच. ती आपण लावायची."

"मग शिजवलेलंच का घेत नाही?"

"तुम्ही दुसऱ्यानं धार लावलेल्या वस्तऱ्यानं दाढी कराल का?"

मी गेली कित्येक वर्षं सलूनमध्ये तसंच करत होतो. पण समोरचा इतक्या तोऱ्यात बोलत असला की मी खरं सांगत नाही.

कॉम्प्युटरवर त्या कामाच्या चार पट्ट्या होत्या. त्या मागंपुढं सरकवायच्या. त्यांची नावं इंग्रजीत होती, पण धारवाल्यांनी सगळ्यांचं बारसं केलेलं. पहिली 'धार', दुसरी 'रुंदी', तिसरी 'बारकावा' आणि चौथी 'माफी'. ही माफीची पट्टी मोठी गमतीची. एक बटण दाबून ती सरकवली की सगळा फोटो काळापांढरा होई. जे पांढरं दिसेल त्याला धार लागणार, जे काळं होईल ते सुटलं. धारवाले ताठ बसून एकेकाचा निकाल लावत.

"गालाला माफी. भिंतीला माफी. आकाशाला कायमची माफी. पापणीला माफी नाही."

हळूहळू ही पट्टी कॉम्प्युटरच्या बाहेर आली. दूधवाला उशिरा आला की धारवाले त्याच्याकडे नीट बघून म्हणत, "माफी." लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दाराकडे बोट करून म्हणत, "माफी नाही." मी चहात साखर जास्त घातली की माझाही निकाल लागे.

आणि हे सगळं काम ते फोटो दुप्पट मोठा करून करत. पडद्यावर एक डोळा, नाहीतर अर्धी भुवई. पूर्ण फोटो ते कधी बघतच नसत. मी म्हटलं, "अहो, माणूस कसा दिसतो ते तरी बघा." तर म्हणाले, "पापण्या नीट झाल्या की माणूस आपोआप नीट होतो."

हे काही खरं नव्हतं. आमच्या कमिटीचा फोटो त्यांनी काढला तेव्हा ते सिद्ध झालं. नोटीस-बोर्डावर लावायला म्हणून काढलेला साधा फोटो. तो लागला त्या सकाळी सेक्रेटरी गुप्ताजी लाल होऊन धारवाल्यांच्या दारात.

"अरे भाईसाहब, ये मेरी नाक पे क्या किया है आपने?"

"कुछ नहीं जी. नाक ही है."

"ऐसी नाक है मेरी? लगता है किसी ने कील से छेद किए हैं!"

"हमेशा से है जी. आज पहली बार दिख रही है."

गुप्ताजींच्या बायकोनं मात्र तो फोटो उतरवू दिला नाही म्हणतात. तिचं म्हणणं, मी इतकी वर्षं हेच सांगत होते.

फोटो काढतानाचा थाट आणखी वेगळा. धारवाल्यांचं म्हणणं असं, की कॅमेरा केसभर हलला तर पुढं कितीही पट्टी सरकवा, धार यायची नाही. म्हणून पंखा बंद. वाऱ्यानं केस हलतात. कूलर बंद. त्याच्या थरथरीनं फरशी हलते. आम्ही श्वास धरायचा. एकदा तर त्यांनी गार्डला सांगून लिफ्ट थांबवायला लावली. आत सातव्या मजल्याच्या मिसेस चड्ढा होत्या, हे नंतर कळलं.

माझं काम थर्माकोलचा मोठा पांढरा फळा धरून उभं राहायचं. खिडकीतला उजेड त्याच्यावर आपटून माणसाच्या तोंडावर पडतो. धारवाल्यांना मोलाचा माणूस परवडला असता, पण मोलाची माणसं हलतात. मी पहाऱ्यावर उभा राहिलेला माणूस. मी हलत नाही.

तर आता मुक्ताचं.

मुक्ता गुडगावला एका कंपनीत होती. तिथंच पुण्याचा निखिल नावाचा मुलगा, दोघांनी आपसांत ठरवलेलं. पोरगा सरळ होता. पण त्याची आई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिचं म्हणणं, ओळख असो की नसो, सगळं रीतसर झालं पाहिजे. मुलीचा बायोडेटा आणि फोटो घरी आला पाहिजे, मी बघेन, मग बोलेन.

मुक्ता माझ्याकडे वर आली. "काका, त्याची आई हो म्हणाली तरच होणार आहे. तो तिच्या शब्दाबाहेर नाही जाणार, आणि मलापण तिला नाराज करून त्या घरात नाही जायचं. आणि बाबा म्हणतायत फोटो मीच काढणार. यार काका, समजवा ना त्यांना! मी सरोजिनी नगरच्या स्टुडिओत जाऊन एक सिम्पल फोटो काढून आणते."

मी खाली जाऊन सांगितलं. धारवाल्यांचा चेहरा पडला.

"माझ्या मुलीच्या लग्नाचा फोटो परका माणूस काढणार? आणि तोही जेपेगमध्ये?"

दुसरे बाप मुलगी पळून गेली की ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात ते 'जेपेग' म्हणाले. दोन दिवस चहाला आले नाहीत. शेवटी मुक्ताच नमली.

जूनचा रविवार. मुक्ता पैठणी नेसून खिडकीपाशी स्टुलावर बसलेली. पंखा बंद, कूलर बंद. दिल्लीकडचा जून ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. थोड्या वेळानं मी सदरा काढला. मग पँट काढली. आत पट्ट्यापट्ट्याची हाफ चड्डी होती, अगदी सभ्य. डोक्यावर ओला पंचा टाकला. कोण बघणार होतं? कॅमेऱ्याचं तोंड मुक्ताकडे, मुक्ताचे डोळे कॅमेऱ्याकडे, आणि मी कॅमेऱ्याच्या मागं नाकापर्यंत थर्माकोल धरून.

मग आठवडाभर धारवाले पडद्यासमोरून उठले नाहीत. मुक्ता म्हणाली, "बाबा, मला दाखवा तरी." त्यांनी मोठ्या कौतुकानं दाखवलं. पडदाभर काळ्या कमानी होत्या.

"बाबा, ही पलक आहे."

"पापणी. बघ, एकेक केस सुटा झालाय."

"हो, पण मी कुठे आहे?"

धारवाल्यांनी तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला नकार दिला. व्हॉट्सॲप फोटो बोथट करतं. पूर्ण आकाराचा ईमेलनं पाठवला आणि सोबत सूचना लिहिली: कृपया मोठ्यात मोठ्या पडद्यावर, जितका मोठा करता येईल तितका करून पाहावा.

आता मुख्याध्यापिका बाई. सूचना आली की त्या पाळणार. त्यांनी फोटो टीव्हीवर लावला आणि जितका मोठा होतो तितका केला.

पुण्याहून फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. धारवाल्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"फोटो मिळाला," बाई म्हणाल्या. "सूचनेप्रमाणे मोठा करून पाहिला. मुलीच्या दोन्ही डोळ्यांमध्ये एक माणूस उभा आहे."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"वयस्कर आहे. खांद्यावर बनियनचा पट्टा दिसतोय. डोक्यावर ओलं फडकं. हातात पांढरं दार धरलंय, आणि दाराच्या खाली पट्ट्यांची चड्डी."

धारवाल्यांचा चेहरा उजळला. "पट्टे सुटे दिसतायत?"

"अगदी सुटे."

"बघा हवालदार!" ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले.

"हे कोण गृहस्थ?" फोन म्हणाला.

"ते वर राहतात. थर्माकोल धरायला येतात."

"चड्डीवर?"

"पंखा बंद होता ना."

"जूनमध्ये?"

धारवाल्यांनी कूलरच्या थरथरीनं फरशी कशी हलते ते समजावून सांगितलं. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "आम्ही येतो."

मुक्ता रडली नाही, पण रडली असती तर बरं, असं तिचं तोंड झालं. "बाबा, आता ती बघायला येणार की आपलं घर पागल आहे का." माझंही डोकं फिरलं होतं. माझी चड्डी पुण्यात बघितली गेली होती, टीव्हीवर. मी म्हटलं, "धारवाले, तो डोळ्यातला माणूस पुसून नवीन फोटो पाठवा."

"मी धार लावतो, हवालदार. खोटं करत नाही. रॉमध्ये तुम्ही आहात, म्हणजे आहात."

"मग निदान बुबुळांना माफी द्या! मी पुसट होईन."

"बुबुळाला माफी आणि त्याच्यावरच्या पापणीला धार? डोळा फाटल्यासारखा दिसेल." आणि विषय संपला.

बाई आणि निखिल दिल्लीत आले, कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट-हाउसात उतरले, आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून आमच्याकडे. मी ठरवूनच निळा ब्लेझर घातला, छातीवर पदकं लावली, मिशांना पीळ दिला. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे ते नव्हेत."

"मीच तो," मी म्हणालो.

"फोटोतल्या गृहस्थांना मिशा नाहीत."

"थर्माकोलच्या मागं होत्या!"

"आणि ते जरा अशक्त वाटत होते."

मला मिशा नाहीत आणि मी अशक्त, हे मला माझ्या उभ्या आयुष्यात कुणी म्हटलेलं नाही. मी उठलोच. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे पाहा, मुलीच्या घरी कुणाची ये-जा आहे हे मी विचारणारच. तुम्ही तेच असाल तर तसेच उभे राहून दाखवा. माझी शंका फिटेल."

"मी सरहद्दीवर उभा राहिलोय बाई. चड्डीवर ओळख-परेड देणार नाही."

"मग मी काय समजू?"

निखिल चपलांकडे बघत होता. धारवाले बाईंच्या भुवया न्याहाळत होते. त्या एका चड्डीपाशी पोरीचं लग्न येऊन थांबलं होतं. मग मुक्ता माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, राहू द्या. नका करू. जे होईल ते होईल."

मला कर म्हटलेलं मी करत नाही. पण नको करू म्हटलेलंही मला ऐकवत नाही. मी ताडकन वर गेलो. कपडे उतरवले, तीच चड्डी घातली, पंचा भिजवून डोक्यावर टाकला. पदकं मात्र मागं ठेवली नाहीत. ती बनियनच्या खांद्यावरच्या पट्ट्याला टाचली आणि खाली आलो. जिन्यात गुप्ताजी भेटले. त्यांनी आधी माझ्या चड्डीकडे बघितलं, मग खांद्याकडे, आणि सरळ सलाम ठोकला.

मी थर्माकोल उचलून जागेवर उभा राहिलो. धारवाल्यांना भलताच उत्साह चढला. त्यांनी धावत जाऊन कूलर बंद केला, पंखा बंद केला. "परिस्थिती तीच पाहिजे!" मुक्ताला स्टुलावर बसवलं आणि बाईंना म्हणाले, "आता या, अशा जवळ या. आणखी. चष्मा वर करा. डाव्या डोळ्यात बघा, उजवा खिडकीला लागून आहे."

बाई वाकल्या. सूचना पाळणाऱ्या. होणाऱ्या सुनेच्या नाकाला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन तिच्या डोळ्यात बघत राहिल्या. घाम टपटप गळत होता.

"दार दिसलं," बाई म्हणाल्या. "फडकं दिसलं. पट्टे... हो. तेच आहेत. आणि खांद्यापाशी काहीतरी लकलकतंय."

"पदकं," मी थर्माकोलमागून म्हणालो.

मुक्ता फुटली. आधी खांदे हलले, मग स्टूल हललं, मग ती डोकं मागं टाकून अशी हसत सुटली की धारवाले "हलू नको, हलू नको!" म्हणून ओरडायला लागले. तिचं बघून बाईही हसायला लागल्या. हसता हसताच त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि एक फोटो घेतला. "राहू दे आठवण," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"दाखवा," धारवाले लगेच हात पुढं करून. मोबाइल नाकाशी नेऊन त्यांनी बघितलं आणि सुतकी तोंडानं म्हणाले, "हललाय. बघतो, काही करता येतं का." आणि मोबाइल घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत गेले.

कूलर सुरू झाला, चहा झाला. मी बनियनवर ब्लेझर चढवून बसलो. बराच वेळ झाला तरी ते बाहेर येईनात, म्हणून मी आत डोकावलो.

पडदाभर नुसते रंगाचे चौकोन होते. पापणी नाही, भुवई नाही. त्यांनी धारेची पट्टी टोकापर्यंत ओढली. रव्यासारखे दाणे वर आले, बाकी काही नाही. मग ते माफीच्या पट्टीवर गेले, बटण दाबलं. सगळा पडदा काळा.

"सगळीच माफी," ते म्हणाले. "धरायला काही नाही हो हवालदार, कुठंच."

मग मी कधी न बघितलेली गोष्ट त्यांनी केली. फोटो लहान करायला लागले. आधी चौकोनांचे दात झाले. दातांचं तोंड झालं. मग मागं टाकलेली मान, विस्कटलेला पदर, हवेत उडालेली वेणी, आणि शेवटी पूर्ण मुक्ता पडद्यावर मावली. डोळे हसून गच्च मिटलेले.

ते बघत राहिले.

"ही अशी दिसते?"

"अशीच दिसते."

"कधीपासून?"

"लहानपणापासून असेल. मी काय सांगणार? मी वरच्या मजल्यावरचा माणूस."

त्यांनी तो जूनमधला फोटो उघडला आणि तोही लहान केला. पैठणी नेसलेली मुक्ता दाढ काढायला बसल्यासारखी बसली होती.

"ही तर रागावलीय, हवालदार."

"सकाळभर पंखा बंद होता."

त्यांनी तो फोटो बंद केला. मोबाइल उचलला, चष्मा नाकावर नीट ठेवला आणि बाहेर आले. बाईंच्या खुर्चीजवळ उभं राहून, मोबाइल त्यांच्याच हातात देत, मुक्ताकडे बघून म्हणाले, "मुक्ता, आधीचा रद्द. मुलाकडच्यांना हा पाठव. मी काही केलेलं नाही याला. जेपेग आहे, पण असू दे."

निखिलनं आईकडे बघितलं. बाईंनी चहात बुडवलेलं बिस्किट तोंडात टाकलं, सावकाश खाल्लं आणि मोबाइल पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "पोहोचला. आता सांगा, साखरपुडा इथं करायचा की पुण्याला?"